संगणकाच्या पेटींतील वारा

(नभोवाणीवरील भाषण)

वैशाख लागला कीं घरोघर माणसांची काळजी सुरू होते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागतात, माठ ओल्या वाळूवर बसतो, आणि भर दुपारीं उन्हांत जाऊं नका, असें मुलांना बजावण्यांत येतें. परंतु त्याच घरांत, मेजाखालच्या एखाद्या कोपऱ्यांत, भिंतीला पाठ लावून एक पेटी उभी असते. मुलाचा अभ्यास, मुलीचें कचेरीचें काम, वडिलांचा जमाखर्च आणि घरादाराचीं दहा-दहा वर्षांचीं छायाचित्रें हीं सर्व त्या एका पेटीच्या हवालीं केलेलीं असतात. उन्हाळ्यांत ही पेटी गुरगुरूं लागते, मंदावते, आणि एखाद्या दिवशीं ऐन कामांत एकाएकीं बंद पडते. मग माहीतगार माणसाला बोलावणें जातें. तो पेटीला हात लावतो, "तापली आहे," म्हणतो, आणि आणखी दोन पंखे बसविण्याचा सल्ला देतो. पंखे बसतात, पैसे जातात, आवाज वाढतो. आणि पुष्कळदां पेटी पूर्वींइतकीच तापत राहते.

असें कां होतें, आणि तें टाळण्यासाठीं आपल्याला घरच्या घरीं काय करतां येईल, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. ज्या पेटीला आपण व्यवहारांत चुकून 'सीपीयू' म्हणतों आणि दुकानदार 'कॅबिनेट' म्हणतात, त्या पेटींतून वारा नीट वाहतो कीं नाहीं, आणि वाहत असला तर तो आपलें काम करतो कीं नाहीं, याची परीक्षा कशी करावी, हा आजचा विषय होय.

प्रथम ही उष्णता येते कोठून, तें पाहूं. संगणक जी वीज खातो तिचें शेवटीं काय होतें? गिरणीतलें यंत्र विजेवर पीठ दळतें, पंप पाणी चढवितो. परंतु संगणक गणितें करतो, आणि गणिताला वजन नाहीं. यास्तव पेटीनें घेतलेली बहुतेक सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पहिला घरगुती संगणक विक्रीस काढला, तेव्हां त्याच्या वीजपुरवठ्याची शक्ति सुमारें ६३ वॉट होती. एका जुन्या दिव्याइतकी! त्याच्या मुख्य प्रोसेसरवर उष्णता काढून घेणारें धातूचें साधनहि नव्हतें आणि पंखा काय तो वीजपुरवठ्याच्या डब्यांत एक. याच्या उलट २०२२ सालीं एनव्हिडिया कंपनीचें जें मोठें ग्राफिक्स कार्ड निघालें, त्या एकट्याची भूक ४५० वॉटपर्यंत आहे. सामान्य घरांतील पेटी एवढी खादाड नसते हें खरें. पण खेळ खेळतांना किंवा चित्रफीत तयार करतांना ३०० वॉट खाणारी पेटी कांहीं दुर्मिळ नाहीं. म्हणजे लहानशा इस्त्रीच्या निम्मी उष्णता एका पत्र्याच्या पेटींत अखंड निर्माण होत आहे, असें समजावें.

ही उष्णता उचलून नेणारा हमाल एकच. तो म्हणजे वारा. त्याला किती खेपा कराव्या लागतात याचा हिशेब शाळेंतील पदार्थविज्ञानानें करतां येतो. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें सव्वा किलो, आणि तेवढी हवा एक अंशानें तापविण्यास सुमारें १२०० जूल उष्णता लागते. तेव्हां ३०० वॉटची पेटी असून आंत शिरणाऱ्या हवेपेक्षां बाहेर पडणारी हवा १० अंशांनींच अधिक तापलेली असावी, अशी आपली इच्छा असेल, तर ३०० ला १२,००० नें भागावें. उत्तर येतें दर सेकंदाला पंचवीस लिटर. म्हणजे घरच्या दोन बादल्या भरतील इतकी हवा प्रत्येक सेकंदाला त्या पेटींतून गेली पाहिजे. पंख्यांच्या खोक्यावर जें 'सीएफएम' हें माप छापलेलें असतें, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, त्या मापांत हा आकडा ५३ होतो.

आतां गंमत अशी कीं, १२० मिलिमीटर रुंदीच्या सामान्य पंख्याच्या खोक्यावर ५० ते ६० हा आकडा सहज छापलेला आढळतो. मग एका पंख्यानें भागावें! पण हा आकडा पंखा मोकळ्यावर फिरत असतां मिळालेला असतो. पेटींत बसला कीं त्याच्यापुढें जाळी येते, धुळीची गाळणी येते, तारांचीं जुडगीं येतात, आणि वाऱ्याला वळणें घ्यावीं लागतात. मोकळ्या नळाची धार आणि त्याच नळाला लांब पिळलेली रबरी नळी जोडल्यावर येणारी धार, यांत जो फरक तोच येथें समजावा. म्हणून पंख्याच्या खोक्यावरील आकडा वाचून पेटीची परीक्षा होत नाहीं. पेटीची परीक्षा पेटींतच करावी लागते.

परीक्षेचें मुख्य तत्त्व एका वाक्यांत सांगतां येईल: अंश मोजूं नका, अंतर मोजा. "माझ्या प्रोसेसरचें तापमान ७१ अंश," असें कोणी अभिमानानें सांगितलें, तर त्या वाक्यास फारसा अर्थ नाहीं. महाबळेश्वरची पहाट कीं नागपूरची मे महिन्यांतील दुपार, हें कळल्यावांचून ७१ हा आकडा चांगला कीं वाईट तें ठरत नाहीं. समजा, खोलींत २६ अंश असतांना प्रोसेसर ७१ वर गेला, आणि त्याच कामाला खोलींत ३७ अंश असतांना ८२ वर गेला. वरवर पाहणाऱ्यास वाटेल, पेटी बिघडली. पण दोन्ही वेळां अंतर ४५ अंशांचेंच आहे. पेटीनें आपलें काम अगदीं सारखेंच केलें, बदलला तो ऋतु. न्यूटननें १७०१ सालीं प्रसिद्ध केलेला थंड होण्याचा नियम हेंच सांगतो कीं, तापलेली वस्तु किती वेगानें उष्णता सोडील हें तिच्या व भोंवतालच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतें. हें अंतर सर्व ऋतूंत तंतोतंत एकच राहतें असें मात्र नाहीं. कारण तापलेला प्रोसेसर थोडी अधिक वीज खातो, आणि पंखेहि आपोआप वेग बदलतात. म्हणून तुलना करावयाची ती शक्य तों सारख्याच हवामानांत करावी. परंतु नुसत्या अंशांपेक्षां हें अंतर कितीतरी अधिक भरंवशाचें आहे. इंटेल कंपनीनेंहि पेंटियम ४ च्या काळांत पेटी बनविणाऱ्यांस जी मर्यादा घालून दिली होती, ती अशाच जोडीनें सांगितलेली होती: खोलींत ३५ अंश असतांना प्रोसेसरच्या पंख्यापाशीं पोंचणारी हवा ३८ अंशांहून अधिक तापलेली नसावी. म्हणजे पेटीला सूट मिळाली ती तीन अंशांच्या अंतराची.

आतां हेंच अंतर जरा फोडून पाहूं. कारण आजच्या विषयाचें मर्म येथेंच आहे. खोलींतील हवेपासून प्रोसेसरच्या गाभ्यापर्यंत जातांना तापमान एकदम चढत नाहीं, तें तीन पायऱ्यांनीं चढतें. पहिली पायरी खोलीपासून पेटीच्या तोंडापर्यंतची. दुसरी पेटीच्या तोंडापासून आंतील हवेपर्यंतची. तिसरी आंतील हवेपासून प्रोसेसरपर्यंतची. पहिली पायरी उंच असली तर दोष पेटी ठेवण्याच्या जागेचा; दुसरी उंच असली तर दोष पेटींतील वाऱ्याचा; आणि तिसरी उंच असली तर दोष प्रोसेसरवरील हीटसिंकचा, त्याखालच्या थर्मल पेस्टचा किंवा त्याच्या पात्यांत बसलेल्या धुळीचा. रोग तीन, आणि औषधेंहि तीन. आपण मात्र तिन्ही रोगांवर पंखा हें एकच औषध देत असतों.

उदाहरणादाखल असे आकडे घेऊं. समजा, खोलींत ३४ अंश आहेत, पेटीच्या तोंडापाशीं ३९, पेटीच्या आंत प्रोसेसरच्या पंख्याजवळ ४५, आणि प्रोसेसर ८८ वर आहे. पायऱ्या झाल्या ५, ६ आणि ४३ अंशांच्या. आतां या गृहस्थानें पंखे दुप्पट केले आणि त्यामुळें वारा खरोखरच दुप्पट झाला, असेंहि धरूं. ६ ची पायरी ३ वर येईल. म्हणजे ८८ चे ८५ होतील. पुन्हा दुप्पट केले तर दीड अंश मिळेल. पंख्यांची रांग लावली तरी त्या पायरींत मुळांत सहाच अंश आहेत. सहांतून सात वजा होत नाहींत. उलट हीच पेटी मेजाच्या बंद कप्प्यांतून बाहेर काढली तर पहिल्या पायरीचे पांच अंश एक पैहि न खर्चतां कमी होतील. आणि हीटसिंकमधील धूळ झाडून वाळलेली पेस्ट बदलली तर ४३ च्या पायरींतून किती मिळेल तें पाहण्यासारखें आहे. नाकापेक्षां मोतीं जड होण्याआधीं नाक कोणतें आणि मोतीं कोणतें, हें पारखावें तें यासाठीं.

हीं तापमानें मोजावयाचीं कशीं? प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या पोटांतच तापमापक बसविलेले असतात, आणि 'एचडब्ल्यूइन्फो' यासारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनें त्यांचे आकडे पडद्यावर वाचतां येतात. हवेसाठीं तारेच्या टोकाला शलाका असलेला साधा विजेरीवरचा तापमापक पुरतो. एक शलाका खोलींत, पेटीपासून दूर, पेटीच्याच उंचीवर ठेवावी; पंख्याच्या झोतांत किंवा उन्हाच्या कवडशांत नको. दुसरी पेटीच्या तोंडापुढें चार-पांच बोटांवर. तिसरी पेटीच्या आंत, प्रोसेसरचा पंखा जेथून हवा ओढतो तेथें, पण कोणत्याहि धातूला न टेकतां आणि पात्यांत न अडकतां चिकटपट्टीनें बसवावी. हें करतांना पेटी बंद असावी आणि विजेची वायर भिंतीतून काढलेली असावी. 'एसएमपीएस' म्हणून जो वीजपुरवठ्याचा डबा असतो, तो घरीं कधींहि उघडूं नये. त्यांत वीज बंद केल्यावरहि कांहीं काळ जबर दाब साठून राहतो.

साधे तापमापक एक-दोन अंश चुकतात, मग काय उपयोग, अशी शंका येईल. वाण्याचा काटा नेहमीं छटाकभर जास्त दाखवीत असला तरी दोन भोपळ्यांत जड कोणता, हें तो बिनचूक सांगतो. मात्र तिन्ही शलाका आधीं अर्धा तास एकाच जागीं ठेवून त्यांच्यांत आपसांत किती फरक आहे तो टिपून घ्यावा, आणि पुढें तेवढा वजा करावा.

आतां परीक्षेचे नियम. पहिला नियम असा कीं, पेटीला काम सारखें द्यावें. रिकामी बसलेली पेटी कधींच फारशी तापत नाहीं, आणि रिकाम्या बैलावरून गाडीची परीक्षा होत नाहीं. प्रोसेसरसाठीं 'सिनेबेंच' किंवा 'प्राइम ९५' यांसारखा प्रोग्राम एकसारखा चालवावा. परंतु तेवढ्यावर थांबूं नये. ग्राफिक्स कार्ड स्वस्थ असतांना पेटी उत्तम वाटते. तेंहि कामाला लागलें म्हणजे त्याचा उष्ण उच्छ्वास थेट वरच्या प्रोसेसरच्या तोंडावर येतो, आणि तेव्हां पेटीची खरी कसोटी लागते. म्हणून एक फेरी प्रोसेसरची, एक ग्राफिक्स कार्डाची, आणि एक दोघांना मिळून, अशा तीन फेऱ्या घ्याव्या.

दुसरा नियम धीराचा. गाडा सुरू झाल्यापासून दोन मिनिटांनीं घेतलेला आकडा म्हणजे उकळी येण्याआधीं चाखलेली आमटी. धातू तापण्यास, आंतील हवा तापण्यास आणि खोलींतील हवा स्थिर होण्यास वेळ लागतो. अर्धा तास जाऊं द्यावा. मग शेवटच्या पांच मिनिटांची सरासरी घ्यावी. खोलींतील वातानुकूलन यंत्र मधून मधून चालू-बंद होत असेल तर आकडे हिंदोळ्यावर बसल्यासारखे वरखालीं होतील. तें एकतर सबंध वेळ बंद तरी ठेवावें, किंवा आकडे घ्यावयाचे ते एक-दोन पूर्ण फेऱ्यांची सरासरी काढून घ्यावे.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. रविवारीं उत्साहानें पेटी उघडली, धूळ झाडली, पेस्ट बदलली, पंखा वाढविला आणि पेटीची जागाहि हलविली. संध्याकाळीं तापमान नऊ अंशांनीं उतरलें. श्रेय कोणाचें? सांगतां येत नाहीं. पुढल्या वर्षीं पुन्हा तेंच दुखणें आलें तर पुन्हा चारहि उपाय करावे लागणार. तेव्हां एक बदल, एक फेरी, एक ओळ वहींत, असा क्रम ठेवावा. आणि प्रत्येक फेरी तीनदां घ्यावी. एकाच स्थितींतील तीन फेऱ्यांत दोन अंशांचा फरक येत असेल, तर नव्या पंख्यानें मिळालेला एक अंश हा लाभ नव्हे, तो योगायोग होय.

चौथा नियम जरा सूक्ष्म आहे. आजचे प्रोसेसर स्वतःचे राखणदार स्वतःच असतात. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची आहे, ए. एम. डी. कंपनीच्या २०२२ सालीं निघालेल्या रायझन ७००० मालिकेंतील प्रोसेसरांची ९५ अंशांची. भारी कामांत ते मर्यादेजवळ पोंचले कीं आपला वेग आपणच कमी करतात. आतां असें पहा कीं, उन्हांत पोतीं वाहणारा हमाल थकला म्हणजे हळू चालूं लागतो. त्याच्या अंगाला तापमापक लावला तर ताप वाढलेला दिसणार नाहीं. पण संध्याकाळीं मोजलीं तर पोतीं कमी भरतील. तसेंच येथें. चांगल्या पेटींत ९५ आणि वाईट पेटींतहि ९५ दिसतील, आणि भोळा परीक्षक दोघींना सारखेच गुण देईल. म्हणून वहींत तापमानाशेजारीं आणखी तीन रकाने हवेत: प्रोसेसरचा वेग किती गिगाहर्ट्‌झ, तो किती वॉट घेतो, आणि पंखे मिनिटाला किती फेरे घेतात. शक्य असेल तर परीक्षेपुरता पंख्यांचा वेग एका आकड्यावर बांधून टाकावा. नाहींतर पेटीचा दोष पंखे ओरडून झांकतील, आणि तापमानाच्या आकड्यांत तो दिसणारच नाहीं.

आकड्यांच्या जोडीला डोळ्यांचीहि साक्ष घ्यावी. वारा दिसत नाहीं, पण उदबत्तीचा धूर दिसतो. पेटी चालू असतांना, सर्व झांकणें लावलेलीं असतांना, पेटलेली उदबत्ती बाहेरूनच पेटीच्या फटींजवळून हळूहळू फिरवावी. खोलीचा पंखा तेवढा वेळ बंद ठेवावा, आणि राख झरोक्यांतून आंत पडूं देऊं नये. धूर जेथें आंत ओढला जातो तें पेटीचें नाक, जेथें बाहेर ढकलला जातो तें तिचें तोंड. पुढील जाळीशीं धूर जोरानें आंत गेला पाहिजे आणि मागें जोरानें बाहेर फेंकला गेला पाहिजे. बाजूच्या बारीकसारीक फटींतून धूर आंत शिरत असेल तर बाहेर टाकणारे पंखे आंत घेणाऱ्यांहून बलवान आहेत, आणि अशी पेटी गाळणी चुकवून घरची धूळ ओढते. फटींतून धूर बाहेर ढकलला जात असेल तर आंत घेणारे बलवान. धुळीच्या दृष्टीनें ही स्थिति बरी.

या परीक्षेंत एक मौजेचा दोष पुष्कळदां उघडकीस येतो. छतावर, पुढच्या बाजूला, बाहेर हवा टाकणारा पंखा बसविलेला असतो. पुढच्या पंख्यानें कष्टानें ओढलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोंचण्याआधींच हा छतावरचा पंखा उचलून बाहेर देतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें! येथें बाहेर येणाऱ्या हवेवर हात धरला तर ती गार लागते. बाहेर पडणारी हवा गार असणें हें पेटी थंड असल्याचें नव्हे, तर वारा काम न करतां परतल्याचें लक्षण असूं शकतें.

"उष्ण हवा वर जाते, म्हणून छतावर पंखा पाहिजेच," असें मोठ्या विश्वासानें सांगण्यांत येतें. स्वयंपाकघरांतील धुराड्याच्या बाबतींत तें खरें आहे. पण पेटींत त्याचें बळ किती? हातभर उंचीच्या पेटींत हवा १० अंशांनीं तापली तर तिच्या वर चढण्यानें जो दाब निर्माण होतो, तो एका पास्कलच्या पांचव्या भागाहूनहि थोडा कमी भरतो. साधा पंखा झरोका बंद असतां दहा-पंधरा पास्कल दाब देऊं शकतो. म्हणजे पंखा पन्नासपट बलवान. चालू पंख्यांपुढें धुराड्याचा नियम नदीच्या पुरांत होडीला शिडानें दिलेल्या वळणासारखा आहे. तेव्हां छतावरील पंखा पाहिजे कीं नको, हें धर्मवचनानें ठरवूं नये. तो चालू असतांना एक फेरी आणि बंद असतांना एक फेरी घ्यावी, आणि वहीला विचारावें.

ज्यांना शलाका आणण्याचाहि खटाटोप नको, त्यांच्यासाठीं एक अत्यंत सोपी परीक्षा आहे. पेटीचें बाजूचें झांकण लावून एक फेरी घ्यावी आणि तेंच झांकण काढून दुसरी. झांकण काढतांच तापमान सात-आठ अंशांनीं किंवा अधिक उतरलें, तर पेटी गुदमरत आहे. तिला वारा हवा. कांहींच फरक पडला नाहीं, तर पेटी निर्दोष. दोष हीटसिंक किंवा पेस्टचा. आणि क्वचित् झांकण काढल्यावर तापमान उलट वाढतें. तसें झालें तर आनंद मानावा. वाऱ्याची वाट इतकी नीट आंखलेली आहे कीं भिंत काढल्यावर ती मोडली. पुढची नक्षीदार कांच किंवा फळी तेवढीच काढून अशीच एक फेरी घेतली, तर सौंदर्यासाठीं आपण किती अंश मोजीत आहों, त्याचाहि हिशेब कळतो.

वाऱ्याचें माप पाहिजेच असेल, तर तेंहि वारामापक यंत्रावांचून काढतां येतें. भिंतीच्या प्लगांत लावावयाचें वॉट मोजणारें साधन बाजारांत मिळतें. समजा, पेटी २४० वॉट घेते आहे, आणि बाहेर पडणारी हवा आंत जाणाऱ्या हवेपेक्षां १२ अंशांनीं उष्ण आहे. १२०० ला १२ नें गुणून २४० ला त्या गुणाकारानें भागलें कीं सेकंदाला सुमारें १७ लिटर हें उत्तर आलें. पत्र्यांतूनहि थोडी उष्णता बाहेर जाते, आणि दोन-तीन तोंडांची हवा सारखी तापलेली नसते. म्हणून हा अंदाज समजावा. तरी गाळणी धुण्यापूर्वीं व धुतल्यानंतर हाच हिशेब केला तर धुळीनें किती वारा अडविला होता, तें आकड्यांत दिसतें.

आवाजासंबंधीं दोन शब्द. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो. पण दाब चौथाई आणि लागणारी शक्ति आठवा हिस्सा होते. आवाज तर सुमारें पंधरा डेसिबेलनें उतरतो. उलट तशाच दुसऱ्या पंख्याची भर घातल्यानें आवाज तीनच डेसिबेलनें चढतो. यास्तव पंखे वाढवावयाचेच असतील तर ते संथ चालविण्यासाठीं वाढवावे. एका आरडाओरडा करणाऱ्यापेक्षां दोन शांतपणें काम करणारे घरांत बरे.

परीक्षेनंतर उपायांचा क्रम खर्चाच्या उलट असावा. आधीं जागा बदलावी: पेटी भिंतीपासून वीतभर दूर, बंद कप्प्याबाहेर, आणि तळाशीं झरोका असेल तर सतरंजीवर नको, कारण एसएमपीएस बहुधा तेथूनच श्वास घेतो. मग धूळ काढावी, आणि ब्लोअर मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. मग पेस्ट. नवीन पंखा शेवटीं. आणि तोहि दुसरी पायरी उंच असल्याचें वहींत सिद्ध झालें तरच.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, एका पेटीसाठीं एवढा व्याप कशाला? पण यांत जाणारे दोन रविवार केवळ पेटीसाठीं जात नाहींत. घरांतील मुलगा किंवा मुलगी तापमान लिहिते, एकच गोष्ट बदलते, पुन्हा लिहिते, आणि दुकानदाराच्या, शेजाऱ्याच्या व स्वतःच्याहि मताला आकड्यापुढें उभें करते. हें शिक्षण शाळेंतील प्रयोगशाळेंत जितकें मिळतें तितकेंच या मेजाखालीं मिळतें. खोलीचें तापमान, काम, वेग आणि वेळ हीं चार ज्या आकड्याशेजारीं लिहिलेलीं नाहींत, त्या आकड्यावर पैसा खर्चूं नये. तीन पायऱ्यांतली उंच कोणती तें आधीं पाहावें, आणि मग हात खिशांत घालावा.